हरकत नाही

फुटपट्टीनं वाटेत खंदक खणला तो सोमवारी, आणि आमच्या टोमॅटोला रंग चढायला लागला गुरुवारी. वेळ बरोबर साधली होती त्यानं. दोन महिने आधी खणला असता तर भांडून, रडून, कोणाला तरी मध्ये घालून निभावलं असतं. फळ पिकायला लागलं की शेतकरी अडकतो, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

फुटपट्टी म्हणजे आमचा खालच्या अंगाचा शेजारी. खिशात कायम मोजायची टेप. बांध बोटभर सरकला असं नुसतं मनात आलं तरी हा गुडघ्यावर बसून मोजायला लागणार. आमच्या शेतातून मोठ्या रस्त्याला जायची गाडीवाट त्याच्या जमिनीच्या कडेनं जाते. आजोबा तिथूनच गेले, वडील तिथूनच गेले, आणि यंदा अचानक याला साक्षात्कार झाला की वाट आपल्या मापात येते. मशीन आणलं, कंबरभर खोल खंदक मारला आणि मोकळा झाला. आम्ही फळ्या टाकल्या की सकाळी फळ्या गायब.

घरात आम्ही चौघं. आई, दादा, वहिनी आणि मी. मी वकील. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही. सकाळच्या बसनं पाऊण तासावरच्या कोर्टात जाते, दिवेलागणीला परत येते. अठरा वर्षं हेच चाललंय. अठरा वर्षांत लोकांचे बांध, लोकांच्या विहिरी, लोकांच्या भिंती भांडले, पण घरचं काम कधी आलं नव्हतं.

"चार दिवसांत वाट मोकळी करून देते," मी म्हणाले.

"बघ हं," वहिनी भाकरी उलटताना म्हणाली. "टोमॅटो तुझ्या कोर्टासारखा थांबत नाही."

"अगं, वकील घरात आहे आपल्या," दादा म्हणाला. "लोक वकिलाच्या दारात बसतात. आपला वकील आपल्याच ताटात जेवतोय."

त्याच्या आवाजातला तोरा ऐकून मला इतकं बरं वाटलं की चार दिवसांचं मी तीनवर आणून ठेवलं.

शुक्रवारी दावा लावला. सोबत अर्ज जोडला, की दाव्याचा निकाल लागायचा तेव्हा लागो, तोवर वाट मोकळी करून द्या. अर्जाच्या डोक्यावर लाल शाईनं 'तातडीचा' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. फुटपट्टीला नोटीस निघाली, मंगळवारची तारीख लागली.

मंगळवारी आमच्या कोर्टात ब्याण्णव प्रकरणं होती. खोली तुम्ही बघायला हवी. चाळीस माणसं मावतील एवढी जागा, उभी शंभर. पंखा फिरतो कमी आणि खडखडतो जास्त, म्हणून साक्षीदाराला दर वाक्य दोनदा बोलावं लागतं. न्यायाधीश बाई दोन महिन्यांपूर्वीच बदलून आलेल्या. लिहून लिहून मनगट दुखावलेलं, त्याला पट्टा बांधलेला. एक प्रकरण संपायच्या आत दुसरी फाइल उघडायची, मान वर न करता विचारायचं, "म्हणणं आलं का? नाही? कधी देणार?" आणि तारीख. लोकांना वाटतं न्यायाधीश म्हणजे दिवसभर न्याय करत असतात. दिवसभर त्या तारखा देत असतात, बाकीचा न्याय बिचाऱ्या रविवारी घरी बसून लिहितात.

मी सकाळपासून वीस वेळा दारापर्यंत जाऊन आले. बसवत नव्हतं. आमचा पुकारा व्हायला दुपार झाली, आणि फुटपट्टीच्या बाजूनं उभे राहिले ते सर.

सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले ते. सहा वर्षं त्यांच्या ऑफिसात फायली वाहिल्या. अर्ज कसा लिहायचा, साक्षीदाराला कुठं थांबवायचं, न्यायाधीश वैतागलेत हे कसं ओळखायचं, सगळं त्यांनी शिकवलं. वकिलांच्या खोलीत त्यांना मागून 'तारीखसम्राट' म्हणतात. डोळ्यांवर काळा चष्मा होता. डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं.

"काय गं, आईचे गुडघे कसे आहेत?" त्यांनी हळूच विचारलं आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"चालते भिंत धरून," मी म्हणाले.

"तेल लाव म्हणावं. आणि ऊन लागू दे."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. समोरच्या वकिलानं आजारपणासाठी, घरच्या अडचणीसाठी मुदत मागितली, तर तो कागद आधी आपल्याकडे येतो आणि आपण कडेला 'हरकत नाही' असं लिहून सही करतो. नाही लिहिलं तर माणुसकी नाही म्हणतात, आणि पुढच्या वेळी आपल्याला ताप आला की कोणी विचारत नाही. ही रीतसुद्धा मला सरांनीच शिकवली होती. "पक्षकार येतात आणि जातात," ते म्हणायचे. "आपण रोज इथंच असतो."

मी आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत होते आणि माझा हात लिहीत होता. हरकत नाही. खाली सही. अठरा वर्षांची सवय. डोकं विचारायला गेलंच नाही.

"दुसऱ्या बाजूची हरकत नाही?" बाईंनी कागदावर बघतच विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"पुढचा बुधवार."

पुढचा पुकारा झाला. मी फाइल काखेत मारून बाहेर आले, जिन्याच्या चार पायऱ्या उतरले आणि पाचवीवर माझे पाय थांबले. पुढचा बुधवार म्हणजे आठ दिवस. झाडावर टोमॅटो, वाटेत खंदक, आणि मी आठ दिवस देऊन आले होते!

धावत वर गेले. बाई दुसऱ्या प्रकरणात साक्ष लिहून घेत होत्या. शिरस्तेदारांच्या टेबलाशी वाकले. "अहो, आमच्या प्रकरणात तारीख जवळची घ्यायची होती. माझ्याकडून चुकून..."

"मॅडम, रोजनामा लिहून झाला," त्यांनी दिवसभरात काय घडलं ते लिहायचा कागद मला दाखवला. "तुमची सही आहे. आता मी काय खोडू? नोकरी घालवू?"

सर खाली झाडाखाली चहा पीत होते. त्यांच्याकडे जाऊन रडावंसं वाटलं. गेले नाही. त्यांनी काही चोरलं नव्हतं. त्यांनी मागितलं आणि मी दिलं.

घरी पोहोचले तेव्हा दादा दारातच उभा.

"काय झालं?"

"पुढच्या बुधवारी ठेवलंय."

"बुधवारी? आठ दिवस? का?"

आता खरं सांगायचं होतं. एक वाक्य. तोंड उघडलंही होतं मी. पण दादाच्या पायांना चिखल, खांद्यावर ओला टॉवेल, आणि चेहऱ्यावर अजूनही तोच तोरा, आपल्या घरात वकील असल्याचा.

"कोर्टानं तारीख दिली," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं, आणि आमच्या धंद्यात अशी वाक्यं फार चांगली जमतात.

"कसली बाई आहे ही?" दादा भडकला. "तिच्या घरी कोणी शेत केलंय की नाही? लाल शाईनं लिहिलं होतंस ना तू? वाचता येतं का तिला?"

"ब्याण्णव प्रकरणं असतात रे."

"तिची बाजू नको घेऊस माझ्यापुढे!"

त्या दिवसापासून टोमॅटो डोक्यावरून निघायला लागले. शेतातून ओढ्याच्या काठानं वळसा घालून मोठ्या रस्त्यापर्यंत यायला वीस मिनिटं लागतात. वाट म्हणजे पायाएवढी, एका अंगाला काटेरी झुडपं, दुसऱ्या अंगाला उतार. ट्रॅक्टरनं एका फेरीत सत्तर क्रेट जायचे. दादा आणि वहिनी दिवसभर मरमर मरून बावीस-चोवीस न्यायचे. बाकीचे झाडावरच फुटायचे. तिसऱ्या दिवशी शेतात आंबूस वास सुटला, माश्या आल्या. चौथ्या दिवशी वहिनीची मान डावीकडे वळेना. कोणी हाक मारली की ती अख्खी वळायची.

मी पहाटे उठून दोन फेऱ्या करायचे आणि मग बस धरायचे. कोटाच्या कॉलरखाली मान सोललेली. कोर्टात कोणाचा तरी वारसाहक्क भांडताना माझ्या डोळ्यापुढे क्रेट. जेवायला बसलं की दादा सुरू व्हायचा.

"खुर्चीत बसून तारखा द्यायला काय जातंय तिचं? एक क्रेट उचलायला लाव म्हणावं."

आई म्हणायची, "जेवताना नको रे कोणाला बोलूस."

"का नको? तिच्यामुळं चाललंय हे सगळं."

मी खाली मान घालून घास गिळायचे. रोज ठरवायचे, आज सांगते. रोज घास मोठा व्हायचा आणि बोलणं राहायचं.

रविवारी मी वहिनीबरोबर बाजारात गेले. तिला मान धड वळवता येत नव्हती, एकटीला विकणं जमलं नसतं. पोत्यावर टोमॅटोचा ढीग लावून बसलो. गर्दी होती. एक बाई वाकून एकेक टोमॅटो दाबून बघायला लागल्या.

"ताई, दाबू नका हो," वहिनी म्हणाली. "आधीच डोक्यावरून आणलेत, त्यांचे हाल झालेत आणि माझेही."

"डोक्यावरून का?" त्या बाईंनी विचारलं.

"वाट अडवलीय मेल्यानं. आणि कोर्टात..."

मी वर बघितलं. मनगटाला पट्टा. न्यायाधीश बाई! घरगुती कपड्यांत, हातात कापडी पिशवी, पिशवीत अर्धा किलो टोमॅटो टाकलेले. त्यांनीही मला बघितलं. मी वहिनीच्या पायाला चिमटा काढला. बाईंनी पिशवी उलटी करून टोमॅटो परत ढिगावर ठेवले, वळल्या आणि गर्दीत गेल्या. पुढच्या दोन्ही पोत्यांपुढे थांबल्या नाहीत. बहुतेक त्या दिवशी त्यांनी भाजीच घेतली नाही.

"कोण होती गं ही शिष्ट?" वहिनीनं विचारलं.

"आपल्या प्रकरणातल्या न्यायाधीश."

"अगं बाई! आधी सांगायचं नाही? दोन जास्त घातले असते."

"म्हणून तर गेल्या त्या."

वहिनी बराच वेळ त्या दिशेला बघत राहिली, अख्खी वळून. "एवढी काही वाईट दिसत नाही," ती म्हणाली. "हे उगाच बोलतात तिला."

मला वाटलं पोत्याखाली शिरावं. तीन वेळा उठले, तीन वेळा बसले, सुटे आणायच्या निमित्तानं बाजाराला फेरी मारून आले.

बुधवारी दादा आला नाही. एक दिवस गेला तर त्याचे दहा-बारा क्रेट गेले. वहिनी आली, कारण मानेमुळं तिला डोक्यावर घेता येतच नव्हतं. ती मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसली. फुटपट्टी तिच्या पुढच्या बाकावर. हातात टेप नव्हती, तर बोटं नुसतीच मांडीवर मापं घेत होती.

आमचा पुकारा झाला. बाई आधी म्हणाल्या, "एक गोष्ट सांगते. रविवारी बाजारात मी नकळत वादीच्या टोमॅटोपाशी थांबले होते. काही घेतलं नाही. तरी माझ्यापुढे हे चालू नये असं कोणाला वाटत असेल तर आत्ताच सांगा."

"छे छे," सर म्हणाले. "विश्वास आहे." मीही मान हलवली.

मी बोलले. जुने नकाशे दाखवले, चाकोऱ्यांचे फोटो दाखवले, फुटलेल्या फळांचे फोटो दाखवले. चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. बाई लिहून घेत होत्या. मग सर उभे राहिले. ऑपरेशन झालेला डोळा पट्टीखाली, दुसरा माझ्याकडे.

"वाट कोणाची हे दाव्यात ठरेल," सर म्हणाले. "आज प्रश्न एकच. इतकी निकड खरोखर आहे का? वादीचं म्हणणं, एकेक दिवस मोलाचा. मग गेल्या मंगळवारी मी मुदत मागितली तेव्हा वादीच्या वकिलांनी काय लिहिलं ते कृपया बघावं. 'हरकत नाही.' आठ दिवसांना हरकत नाही. ज्याचं घर जळतंय तो पाणी आणणाऱ्याला पुढच्या बुधवारी या म्हणत नाही."

कोणीतरी हसलं. माझ्या कानांतून वाफ निघाली. माझ्या सरांनी, माझ्याच माणुसकीचा कागद करून माझ्यापुढे धरला होता. आणि सर चुकत नव्हते. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. त्यांनीच शिकवलं होतं.

बाईंनी तो कागद काढला. "मॅडम, ही तुमचीच सही?"

"हो."

"पक्षकाराला विचारून दिली होती?"

इथं वकील काय करतो ते सांगते. वकील म्हणतो, पक्षकाराला कल्पना होती. किंवा म्हणतो, सौजन्य म्हणून दिली, त्याचा अर्थ असा काढू नये. दोन्ही वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. मागं बघितलं नाही, पण वहिनी बाकावरून अख्खी पुढे झाली असणार, ते मला पाठीला कळत होतं.

"नाही," मी म्हणाले. "विचारलं नव्हतं. पक्षकार माझा सख्खा भाऊ आहे. समोरून कागद आला आणि सवयीनं हात चालला. चूक माझी आहे. घरी मी अजून सांगितलेलं नाही. ते रोज डोक्यावरून फळं नेतायत आणि त्यांना वाटतं तारीख कोर्टानं दिली. माझ्या सहीची शिक्षा त्यांना देऊ नये, एवढंच म्हणणं आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मनगट चोळलं.

"अर्जावर लाल शाईनं 'तातडीचा' लिहिलंय," त्या हळूच म्हणाल्या. "ते मंगळवारी मलाही दिसलं होतं. दोन्ही वकील राजी असले की मी मान वर करत नाही. एक फाइल कमी झाली म्हणून बरंच वाटतं." मग आवाज चढवून म्हणाल्या, "दोन वाजता हुकूम देते."

दोन वाजता दिला. ट्रॅक्टर जाईल एवढ्या रुंदीत वादीनं खंदक भरून घ्यावा, प्रतिवादीनं अडवू नये, दाव्याचा निकाल लागेपर्यंत वाट चालू राहावी. आणि कारणांमध्ये एक वाक्य, की मागच्या तारखेस मुदतीला संमती वादीच्या वकिलांनी पक्षकारास न विचारता दिली होती, असे त्यांनी स्वतः मान्य केले आहे.

व्हरांड्यात सरांनी गाठलं. "वेडी आहेस तू. जिंकायचं होतं तर दुसरं काहीतरी सांगायचं. आपली चूक आपण कधी कागदावर आणत नसतो. आता हे कायमचं राहिलं."

"डोळ्याला ऊन लागू देऊ नका," मी म्हणाले आणि निघाले.

हुकमाची नक्कल घेऊन चारची बस धरली. वहिनी खिडकीशी बसली. अर्धा रस्ता संपला. मग समोर बघतच म्हणाली, "यांना सांगू नकोस."

"वहिनी, कागदावर आलंय."

"त्यांचा चष्मा फुटलाय. तूच वाचून दाखवणार आहेस. तेवढी ओळ सोडून वाच. येतं की तुम्हा लोकांना." ती अख्खी माझ्याकडे वळली. "या हंगामात दुसरं काही राहिलं नाही त्यांच्याकडे. माझी बहीण, माझी बहीण करत असतात. ते तरी राहू दे. माझी मान काय, वळेल कधीतरी."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं पिशवी सावरायच्या निमित्तानं काढून घेतला.

दादा ओट्यावर बसून पायातला काटा काढत होता. आम्हाला बघून उठला. "बोल, छोटे!"

"मिळाला हुकूम. वाट भरून घ्या म्हणाल्या."

"मिळाला?" त्यानं आरोळीच ठोकली. "आई, ऐकलंस? सांगितलं नव्हतं? अगं, वकील कोणाच्या घरात आहे! वाच, वाच. पहिल्यापासून वाच, एक अक्षर सोडू नकोस."

आई भिंत धरत दारात आली. मी वाचायला लागले. नकाशे, चाकोऱ्या, फोटो. दादा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. ती ओळ जवळ आली तशी मी वहिनीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, घमेल्याला लागलेली माती नखानं खरवडत होती.

मी ती ओळ वाचली.

"थांब," दादा म्हणाला. "पुन्हा वाच ती."

पुन्हा वाचली.

"म्हणजे ते आठ दिवस त्या बाईनं नाही घेतले?"

"नाही."

"तू दिलेस."

"हो. सवयीनं दिले. मला तेव्हा कळलंसुद्धा नाही, आणि कळल्यावर सांगायचं धाडस झालं नाही."

वहिनी घमेलं खाली ठेवून उभी राहिली. "जाऊ द्या ना आता," ती म्हणाली. "वाट मिळाली ना?"

"मी रोज तिला शिव्या घातल्या," दादा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "रोज. आणि तू समोर बसून जेवत होतीस."

मी हुकमाची नक्कल घडी घालून मुठीत धरली.

त्यानं कोपऱ्यातली दोन फावडी उचलली, एक वहिनीकडे दिलं आणि चालायला लागला. मी कोट काढून आईच्या हातात दिला, गोठ्यामागून दांडा तुटलेलं तिसरं फावडं शोधलं आणि मागून गेले. खंदकाच्या काठावर मातीचा ढीग तसाच होता. आम्ही तिघं ती माती परत आत ओढायला लागलो. फुटपट्टी त्याच्या बांधावर येऊन उभा राहिला, मी हुकमाचा कागद वर धरून दाखवला, तो थुंकून निघून गेला. तासाभरात माझ्या तळहातांची सालं निघाली. दादा दोन हातांवर होता, पण त्यानं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. माती बसावी म्हणून तो वर उभा राहून पाय आपटत होता, जोरजोरात, खंदक भरला तरी आपटत होता.

सूर्य टेकला तेव्हा ट्रॅक्टर भरलेल्या खंदकावरून शेतात गेला. एकदा चाक रुतलं, मग निघालं. शेतात तोडायला राहिलं होतं ते तिघांनी तोडलं. फुटलेली फळं हाताला लागत होती, बोटांतून गळत होती. सत्तर क्रेट भरायचे तिथं अकरा भरले. ट्रॉलीत ते अकरा क्रेट एका कोपऱ्यात मावले, बाकीची सगळी ट्रॉली मोकळी.

वहिनी मागं चढून क्रेटांपाशी बसली. मीही दांड्याला धरून पाय वर टाकला.

दादा ट्रॅक्टरवर बसला होता. मागं न बघता म्हणाला, "तू चालत ये."

मी पाय खाली घेतला. वहिनीनं मान वळवायचा प्रयत्न केला, तिला ती वळवता आली नाही. ट्रॅक्टर निघाला, आणि मी त्याच्यामागून त्या नव्या मातीवरून चालायला लागले.